डाव्या पायाची चप्पल

जहाजावरून उतरल्यावर पत्त्यांचं नाव काढायचं नाही, आधी काहीतरी गरम पोटात जाऊ द्यायचं, असा नाना टिपणिसांचा दंडक होता. तो आजवर एकदाही पाळला गेला नव्हता. बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत पाय ठेवल्याबरोबर ईशान वाघोलीकरनं विषय काढलाच.

"शलाकाताई, तो शेवटचा डाव. खरं सांग, काय होतं तुझ्याकडे?"

"कळेल की तासाभरानं."

"मला आत्ता कळायला हवंय."

"मग देवाचं नाव घे आणि नदी बघ," शलाका म्हणाली, आणि वाऱ्याकडे तोंड करून मनसोक्त हसली. मागे मांडवीत नांगरलेल्या जहाजावर दिवे लागत होते. दुपारभर त्या जहाजाच्या वरच्या मजल्यावर सहा जण पोकर खेळत बसले होते आणि शेवटच्या डावात शलाका उपळेकरनं नाना टिपणिसांना माघार घ्यायला लावून टेबलावर लागलेल्या सगळ्या चिप्स ओढून आणल्या होत्या. दहा वर्षांत हे पहिल्यांदा घडलं होतं. ठाण्यात क्लासमध्ये गणित शिकवणाऱ्या या बाईला पोकरच्या टेबलाशी आणून बसवलं ते नानांनीच. तिनं अनेकांना लोळवलं, पण मोठ्या डावात नाना कधी तिच्या हाती लागले नव्हते. आज लागले, आणि तेही निव्वळ थापेवर. तिला बोटीतच गाणं म्हणावंसं वाटत होतं.

नाना मात्र कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते. साठी उलटलेली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कोल्हापुरी चप्पल. विमा कंपनीतून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली तरी माणूस अजून त्याच कंपनीत हजेरी लावायला निघाल्यासारखा दिसे.

ज्यांनी 'पाचवं पान' हा कार्यक्रम कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं असतात आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी. या सातांतून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. पण भारी पानं हातात असलीच पाहिजेत असं नाही. ती आहेत असं समोरच्याला वाटलं आणि त्यानं आपली पानं टाकली की तेवढ्यानं भागतं. पानं टाकली की ती पालथी जातात. ती काय होती हे विचारायचा कुणालाही हक्क नाही. पडद्यावर मात्र प्रेक्षकांना सगळ्यांची पानं दिसतात. बाहेरून कुणी खेळाडूला इशारा देऊ नये म्हणून सगळं प्रक्षेपण एक तास उशिरानं होतं. म्हणजे खेळ संपला तरी जगाच्या दृष्टीनं तो अजून चाललेला असतो.

हे सगळं पूर्वीपासूनचंच. नवी होती ती नाडीपट्टी.

हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट चेहऱ्यापर्यंत येते. गालाकपाळाची त्वचा कणभर गडद होते आणि लाट ओसरली की कणभर फिकी. आपल्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषून घेतं, त्यामुळे लाट आली की चेहऱ्यावरून परतणारा हिरवा उजेड किंचित कमी होतो. तो चढउतार मोजत गेलं की अंगाला बोटही न लावता माणसाची नाडी हाती येते. ही युक्ती दवाखान्यांत तान्ह्या बाळांसाठी वापरत असत. 'पाचवं पान'वाल्यांनी तिला टेबलाशी बसवलं. मग एका यंत्राला हजारो तासांचा खेळ दाखवला: अमुक माणसाच्या हातात अमुक पानं होती तेव्हा त्याची नाडी कशी धावली, थाप मारताना कशी, खरं बोलताना कशी. यंत्र शिकलं. आता प्रत्येक चेहऱ्याखाली नाडीच्या वेगाची एक हिरवी रेषा धावायची आणि तिच्या शेजारी यंत्राचं मत यायचं. ते बहुतेक वेळा बरोबर असे.

प्रेक्षक वेडे झाले. खेळाडूंची मात्र तारांबळ उडाली. टेबलावर पट्टी कुणाला दिसत नसे, पण घरी जाऊन जुने खेळ पाहिले की प्रत्येकाची कुंडली मांडता येई. श्वास आवरायला शिकवणारे वर्ग निघाले. एक जण चेहऱ्याला जाड मलम फासून आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. शेवटी नियम आला: हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या जो घेतो त्याला या टेबलावर खुर्ची नाही. गोळी घेतली की नाडी गप्प आणि नाडी गप्प झाली की पट्टीला अर्थच नाही, हे सगळ्यांना पटलं होतं.

या गोंधळात एकच माणूस निवांत होता. नानांची रेषा कधी हलायचीच नाही. जिंकोत, हरोत, थाप मारोत, रेषा आपली सपाट. लोक त्यांना लाडानं 'सपाट नाना' म्हणत. छातीवर नुसती एक सरळ रेघ छापलेले टी-शर्ट पणजीच्या बाजारात विकले जात होते, आणि नानांनीही एक विकत घेतला होता.

पण नानांना वाचायची एक जागा होती. ती जगात फक्त शलाकाला माहीत होती.

ठाण्याच्या जिमखान्यात नाना तिला शिकवत तेव्हाच तिच्या ते लक्षात आलं होतं. नाना खरोखर अडकले, म्हणजे काय करावं हे त्यांना मनापासून कळेनासं झालं, की ते डाव्या पायातली चप्पल काढत. नाटकासाठी विचारात पडल्याचं सोंग आणलं तर चप्पल पायातच. खरं कोडं पडलं की चप्पल बाहेर आणि अंगठा गार फरशीवर. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. कार्यक्रमाचे कॅमेरे चेहऱ्यावर रोखलेले, टेबलाखाली कोण बघतो? शलाका शक्यतो नानांच्या डाव्या हाताची खुर्ची धरायची आणि कान उघडे ठेवायची. आज तिनं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, छाती फुटेल की काय असं वाटत राहिलं, आणि मग खाली चामडं घासल्याचा तो बारीक आवाज आला. ते ऐकलं आणि ती निवांत झाली. नाना खरोखर अडकले होते, आणि खरोखर अडकलेले नाना पानं टाकतात हे तिला ठाऊक होतं.

*

मिंगेलच्या खानावळीत त्यांचं कोपऱ्यातलं टेबल ठरलेलं होतं. समोर भिंतीवर टीव्ही, त्यावर 'पाचवं पान', आवाज बंद.

"बाय, कितें हाडूं?" मिंगेलनं विचारलं.

"बांगडे. रेशाद मसाला भरलेले. आणि मोजू नकोस, आज मी देणार आहे," शलाका म्हणाली.

इथे त्यांचा एक खेळ चालायचा. टीव्हीवर पुढचा डाव सुरू झाला की पानं दिसायच्या आत ज्यानं त्यानं आपली पानं सांगायची. खरं की खोटं ते लगेच पडद्यावर दिसे. ज्याचं खोटं पकडलं जाईल त्याच्या ताटात सगळ्यांच्या बांगड्यांची डोकी. नानांना डोकी फार आवडत, त्यामुळे ते हमखास खोटं सांगत आणि पकडले गेले की कपाळाला हात लावून डोकी चोखत बसत.

"माझ्याकडे दुर्री आणि सत्ती," नाना एका डावाला म्हणाले. पडद्यावर त्यांच्या हातात दोन एक्के निघाले. ईशाननं आपलं डोकं त्यांच्या ताटात टाकलं.

"नाना, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

"वाटते रे. पण डोकं गोड आहे."

ईशान सत्तावीस-अठ्ठावीसचा, त्याच टेबलावर खेळणारा, इंजिनिअरिंग शिकलेला आणि नाडीपट्टीचा भक्त. मधून मधून तो मोबाइलवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवत होता. शलाका खूश होती. तिनं दुसरा बांगडा घेतला, मिंगेलकडून कांदा मागून घेतला. मग पडद्यावर शेवटचा डाव सुरू झाला.

"मी आधी," ती म्हणाली. "बदाम एक्का आणि इस्पिक राजा. शेवटी हातात काही म्हणजे काही नाही. शुद्ध थाप."

"अरे बापरे," ईशान म्हणाला. "आणि नाना, तुम्ही?"

नाना काटा वेगळा करत होते. "आठवत नाही."

शलाकाचा हात थांबला. या माणसाला ती जन्मायच्या आधी खेळलेल्या ब्रिजच्या डावातली तेरा पानं ओळीनं आठवत. डाव संपून तास झाला नव्हता आणि यांना आठवत नव्हतं.

तिघंही टीव्हीकडे बघू लागले. टेबलावर बदाम राणी, किलवर सत्ती, इस्पिक तिर्री. मग बदाम नव्वी. शेवटी बदाम चौकी. तीन बदाम उघडे पडले होते. ज्याच्या हातात आणखी दोन बदाम असतील त्याचे पाच पूर्ण, आणि त्याच्यापुढे जवळजवळ कुणाचं काही चालणार नाही. शलाकाकडे बदाम एकच होता, पण तो एक्का होता, म्हणून तिला एवढं पक्कं ठाऊक होतं की सगळ्यांत मोठा बदाम नानांकडे नाही. त्या एका आधारावर पडद्यावरच्या शलाकानं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

आणि मग नानांची पानं दिसली. दोन राण्या. टेबलावरची धरून तीन.

"तीन राण्या टाकल्यात?" ईशान उभाच राहिला. "नाना!"

नानांच्या चेहऱ्याखालची हिरवी रेषा सरळ होती. शेजारी यंत्राचं मत आलं: ताण नाही, निर्णय आधीच झालेला.

शलाकाची रेषा मात्र डोंगरासारखी चढली. मग एकाएकी, नाना अजून विचार करत असतानाच, ती झरझर खाली आली. तिच्या नावाशेजारी यंत्रानं लिहिलं: सुटका. त्यानंतर दुपारी नदीत बार्जचा भोंगा वाजला होता तो क्षण आला. टेबलाशी बसलेले सगळे दचकून खिडकीकडे बघताना दिसले. आणि मग नानांनी तीन राण्या शांतपणे पालथ्या घातल्या.

ईशान खाली बसला. त्याचा मोबाइल टेबलावर थरथरत होता. त्यानं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि पडद्याची बाजू खाली करून मोबाइल ठेवून दिला.

"काय म्हणतायत?" शलाकानं विचारलं.

"ताई, जाऊ दे ना."

"वाच."

"म्हणतायत की ढील दिली." तो घुटमळला. "आणि तुला आधीच माहीत होतं. नाना पानं टाकायच्या आधी तुझी रेषा उतरली. म्हणजे काहीतरी इशारा झाला. यंत्र खोटं कशाला बोलेल, असं म्हणतायत."

ढील हा टेबलावरचा सगळ्यांत घाण शब्द. मित्र समोर आहे म्हणून जिंकलेला डाव सोडणं. पैसे चोरणाऱ्याला एक वेळ परत बसू देतात, ढील देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला नाही. शलाकाचे कान तापले. आपण जिंकलो, की आपल्याला जिंकू दिलं? चप्पल वाजली होती, तिनं स्वतः ऐकली होती. पण रेषा सरळ होती. दहा वर्षं जिच्यावर विसंबून राहिलो ती चप्पल खोटी की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडूच कोसळायची वेळ आली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. 'पाचवं पान' चालवणारी रेवती कामत.

"शलाका, टिपणीस सर तुझ्याबरोबर आहेत ना? दहा मिनिटांत तुम्हा दोघांना लाइव्ह घेतेय. नीट उत्तर द्या बाई. नाहीतर उद्या मला दोघांच्याही खुर्च्या काढाव्या लागतील."

ईशान उठला. "मी बाहेर रेंज बघतो," असं म्हणून तो निघून गेला. खानावळीत रेंज उत्तम होती, मोबाइल तर टेबलावरच राहिला होता, पण पोरगं समंजस होतं.

"नाना," शलाका म्हणाली. "मला ढील दिलीत?"

"नाही."

"तीन राण्या होत्या."

"तुझ्याकडे पाच बदाम आहेत असं मला वाटलं. तू वाटायला लावलंस." नाना तिच्याकडे बघत नव्हते. "उत्तम खेळलीस. फार उत्तम."

"मग रेषा?"

नानांनी ताटातले काटे एका बाजूला सारले. तिनं ईशानचा मोबाइल ओढला आणि तो डाव पुन्हा लावला. एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा तिनं पानांकडे पाहिलंच नाही. ती फक्त भोंग्याची जागा बघत राहिली. भोंगा वाजतो आणि तिची रेषा उडी मारते. आधीच पानं टाकून बसलेल्या ईशानची उडी मारते. पानं वाटणाऱ्या मुलीचीसुद्धा मारते. भोंग्याला कुणी थाप मारत नाही आणि भोंग्यापुढे कुणाचा धीर चालत नाही. माणूस दचकला की काळीज उडणारच. नानांचे खांदे दचकलेले स्पष्ट दिसत होते. रेषा जागची हलली नव्हती.

हा धीर नव्हता. हे औषध होतं.

तिनं मोबाइल हळूच खाली ठेवला. "गोळी कधीपासून घेताय?"

नानांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. "पट्टी यायच्या आधीपासून. हृदय मध्येच भलतं पळायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाला, घ्यायची आणि अचानक बंद करायची नाही. मग नियम आला." ते कसनुसं हसले. "मी सांगणारच होतो गं. पण तोवर सपाट नाना झालो होतो. घरी जाऊन काय करणार होतो मी? भाजी निवडणार?"

शलाकाला एकदम सगळं उजेडात दिसलं आणि त्यात तिची पंचाईतही दिसली. आपला डाव खरा होता हे सांगायचं तर चपलेचं सांगावं लागणार. चपलेचं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: माणूस एवढा अडकला होता तर रेषा सरळ कशी? आणि त्याचं उत्तर म्हणजे नानांची खुर्ची गेली. गप्प बसलं तर दोघांच्याही गेल्या.

नानांनी हे तिच्या आधीच मोजलं होतं. "ऐक. मी म्हणतो की मला पानं नीट दिसली नाहीत. चष्मा धुरकटला होता, राण्यांच्या जागी गुलाम वाटले, म्हणून सहज टाकली. म्हातारा माणूस चुकला. लोक हसतील, दोन दिवसांत विसरतील. तुझी रेषा उतरली त्याचं काय, विचारलं तर म्हण की माझा चेहरा बघून अंदाज आला. तुझी खुर्ची राहील, माझीही राहील."

"आणि माझा डाव?"

"एक डाव गेला, शलू. असे पुष्कळ खेळशील."

खरं सांगायचं तर ती हो म्हणणार होती. या माणसानं तिला खडू-फळ्यापासून इथवर आणलं होतं. तिच्या वडिलांच्या आजारपणात हाच माणूस रोज डबा घेऊन यायचा आणि डब्याबरोबर एक कोडं. त्याच्यासाठी एक डाव, तो दहा वर्षांतला सगळ्यांत सुंदर का असेना, सोडून द्यायला काय हरकत होती? होकार तिच्या ओठांवर आला आणि तिथेच तिला जिमखान्यातली एक संध्याकाळ आठवली. नानांचा वाढदिवस होता. त्यांना बरं वाटावं म्हणून तिनं एक जिंकलेला डाव मुद्दाम सोडला होता. नानांना ते लगेच कळलं. ते पत्ते टेबलावर टाकून उठले आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले होते, मला हरव, माझी खोड मोड, पण माझी कीव केलीस तर पुन्हा इथे येऊ नकोस.

ती आत्ता नेमकं तेच करायला निघाली होती.

"नाही," ती म्हणाली. आवाज चढला तसा मिंगेलनं गल्ल्यावरून वळून पाहिलं. "नाना, तुम्ही मला ढील दिली नाहीत. मीही तुम्हाला देणार नाही."

"म्हणजे काय करणार?"

"चपलेचं सांगणार."

"कसल्या चपलेचं?"

"तुमच्या डाव्या पायातल्या. तुम्ही खरोखर अडकलात की ती काढता. नाटक करत असलात की नाही काढत. आजही काढलीत. मी ऐकली, म्हणून माझी रेषा उतरली."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. "काहीतरीच काय? मी कशाला चप्पल काढू?"

"खाली बघा."

दोघांनीही वाकून टेबलाखाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावी एकटीच उताणी पडली होती आणि नानांचा अंगठा मिंगेलच्या लाल फरशीवर टेकला होता.

नाना आधी नुसते थरथरले, मग हसू फुटलं, मग खोकला आला, आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत ते हसत राहिले. "दहा वर्षं?"

"दहा वर्षं."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत. समोरच्याची खूण सापडली तर देवालासुद्धा सांगायची नाही."

"चांगलं शिकवलं की मी," नाना म्हणाले. त्यांनी पायानं चप्पल चाचपली, नीट घातली, चष्मा पुसला. फोन वाजू लागला तेव्हा शलाकानं हात पुढे केला, पण नानांनी तो आधीच उचलला होता.

"आधी मी बोलतो," ते म्हणाले. "तुझं तू नंतर सांग. माझं दुसऱ्यानं सांगितलेलं मला नाही चालायचं."

*

हजारो लोकांपुढे नाना विमा कंपनीत बोलत असतील तसे बोलले, सरळ आणि थोडक्यात. मी गोळी घेतो. नियम आल्यावर सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माझी रेषा सपाट आहे ती औषधानं, माझ्या कर्तबगारीनं नाही. टी-शर्ट घेतलेल्यांची मी माफी मागतो. आणि आजच्या डावात या बाईनं मला धुतलं, ते मात्र शंभर टक्के खरं आहे.

रेवतीनं तरी विचारलंच. "सर, पण तुम्हाला ताण आला होता हे आता आम्ही कशावरून मानायचं?"

मग शलाकानं चपलेचं सांगितलं. सांगताना तिला वाटलं, आपण घरातला एकुलता एक दागिना रस्त्यात काढून दाखवतोय. "जहाजाच्या सुरक्षा-विभागाचे कॅमेरे टेबलाखाली असतात ना? बघा. आजचाच डाव नको, मागचेही काढा."

त्यांनी काढले. मिंगेलनं स्वतः पुढे होऊन टीव्हीचा आवाज वाढवला, आणि खानावळीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं: जहाजाच्या मऊ गालिच्यावर डावी चप्पल अलगद निघते, अंगठा बाहेर येतो, गालिचा चाचपतो. मागच्या महिन्याच्या एका डावात तोच अंगठा. त्याच्या आधीच्या एकात तोच. यंत्राला जे कधी दिसलं नव्हतं ते एका चपलेनं दर वेळी न चुकता सांगितलं होतं. खानावळीत हशा पिकला. ईशान दारात उभा राहून दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणत होता, "पाय! अरे, पाय!"

शलाकाचा डाव खरा ठरला. नानांची खुर्ची गेली. रेवतीनं ते फार आदरानं सांगितलं, तरी गेली ती गेलीच. फोन ठेवल्यावर शलाका रडली, आणि लपवायच्या भानगडीत पडली नाही. नानांनी तिच्या पुढ्यात पाण्याचा पेला सरकवला.

"रडतेस कशाला? जिंकलीस ना?"

"तुम्ही भाजी निवडणार म्हणून."

"निवडीन. मेथी निवडताना माणूस थाप मारू शकत नाही, तेवढाच बदल." मग ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "नियम आल्यापासूनची दोन वर्षं मी खेळत नव्हतो गं, लपत होतो. आज तू मला शोधून काढलंस." त्यांनी ताटाकडे पाहिलं. "चला, आज सगळ्यांत मोठं खोटं माझं निघालं. डोकी इकडे द्या."

*

पुढच्या मोसमात 'पाचवं पान'नं टेबलाखालीही आपले कॅमेरे बसवले. खेळाडू बूट घालून, नाड्या आवळून यायला लागले. ईशाननं पायांच्या बोटांवर एक नवं यंत्र शिकवायला घेतलं आणि त्यासाठी नानांचे जुने डाव मागून नेले. शलाका त्या टेबलावर खेळत होती आणि भरपूर जिंकत होती. पण खेळून उठली की तिला कशाची तरी चुटपुट लागून राही.

नाना मोसम संपताना गोव्यात आले. शलाकाखेरीज कुणालाही न सांगता, थेट मिंगेलकडे. शलाका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून होती. समोर बांगड्यांचं ताट आणि एक जुना, कोपरे मऊ झालेला पत्त्यांचा जोड.

नानांनी दारातून तिला पाहिलं, हात केला आणि उंबऱ्याशी थांबले. मग देवळात शिरणाऱ्या माणसासारखे त्यांनी दोन्ही पायांतल्या चपला काढल्या, भिंतीला नीट जोडीनं लावल्या आणि अनवाणी येऊन खुर्ची ओढली.

"वाट," ते म्हणाले.

तिनं पानं वाटली. नानांनी आपली दोन पानं उचलून पाहिली आणि पालथी ठेवली. शलाकानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग सवयीनं कान टवकारले. टेबलाखाली चामड्याचा आवाज होणार नव्हता. दहा वर्षांत पहिल्यांदाच तिला नानांच्या मनात काय आहे ते अजिबात कळेना. तिचं काळीज धडधडायला लागलं. तिला फार बरं वाटलं आणि तिनं आपली पानं उचलली.